चुकांचा सल

सोनगिरी घाटाच्या माथ्यावर पोचताच गाडीने नेहमीप्रमाणे अंग काढून घेतले. "पुढील रस्ता स्वयंचालनास योग्य नाही. परवानाधारक चालकाने ताबा घ्यावा," असे तिने शुद्ध सरकारी मराठीत सांगितले, आणि इतका वेळ आपोआप फिरणारे स्टिअरिंग केतकी शेलारच्या हातांत जड झाले.

"घेतलास एकदाचा ताबा?" शेजारच्या सीटवरून तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी विचारले.

"घेतला, आबा."

"मग श्वास पण घे. तो काय गाडी घेणार न्हाई तुझ्यासाठी."

माणसाने स्वतः गाडी चालवणे ही एव्हाना बहुतेक ठिकाणी हौसेची बाब झाली होती. महामार्गांवर पट्टे आखलेले होते, खांबांवर संवेदक होते, आणि गाड्या एकमेकींशी बोलत सुखरूप जात. घाटांचे तसे नव्हते. सोनगिरीच्या कठड्याचे निम्मे दगड दरीत गेलेले होते, दर पावसाळ्यानंतर वळणांचा आकार थोडा बदलत असे, आणि समोरून येणारी म्हैस कोणत्या बाजूला सरेल याचे गणित कोणत्याही यंत्राला साधलेले नव्हते. त्यामुळे अशा रस्त्यांसाठी 'घाट परवाना' नावाची वेगळी परीक्षा सुरू झाली. ती फार थोडे लोक देत. केतकीने ती तीनदा दिली, तेव्हा कुठे परवाना हाती आला. त्याला आता जेमतेम आठवडा झाला होता.

तो तिला हौसेसाठी नको होता. दिनकररावांनी सगळी नोकरी याच घाटात एस.टी. चालवण्यात काढली होती. निवृत्तीनंतर मधुमेहाने आधी त्यांचे डोळे नेले आणि मग मूत्रपिंडे. आठवड्यातून तीनदा त्यांना साताऱ्याला डायलिसिससाठी न्यावे लागे. घरी करायच्या यंत्राला त्यांचे हृदय साथ देत नव्हते. दुसरा मार्ग म्हणजे खाली, इस्पितळाच्या रुग्णनिवासात एक खोली घेऊन राहणे. त्याबद्दल दिनकररावांचे म्हणणे थोडक्यात होते: "मला भिंती दिसत न्हाईत. पण घरातल्या कुठं हायत ते ठावं हाय." आई गेल्यावर पुण्यातल्या मृदा-परीक्षणाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून केतकी वर आली ती त्या भिंतींसाठी. वडिलांना घरात राहायला मिळणार की नाही, हे आता तिच्या दोन हातांवर होते, आणि ही गोष्ट तिचे हात क्षणभरही विसरत नसत.

घाटाच्या मध्यावर कोरीचे वळण होते. तिथे डोंगराचे नाक रस्त्यावर इतके पुढे आलेले होते की पलीकडचे काही म्हणजे काहीच दिसत नसे. या वळणाची एक रीत होती. ती कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. चालकाने हॉर्न द्यायचा, काच खाली करायची आणि थांबायचे. पलीकडे गाडी असेल तर ती हॉर्नने उत्तर देई. पायी चालणारा हाळी देई. पठारावरचे गवळी दुधाचे कॅन घेऊन खाली-वर करत, ते कॅनच्या झाकणावर दोनदा ठोकत. उत्तर आले की त्याला आधी येऊ द्यायचे, नाही आले की निघायचे.

केतकीने हॉर्न दिला आणि काच खाली केली. उत्तर आले नाही. तिने पुन्हा हॉर्न दिला, मग तिसऱ्यांदा. मागे एक जीप येऊन उभी राहिली होती. तिच्या चालकाने मान बाहेर काढली.

"ताई, पलीकडचा माणूस अजून जन्माला यायचाय. तवर आपण जाऊन येऊ की!"

दिनकरराव हसले. केतकीने घाईने गाडी वळवली आणि डावे मागचे चाक रस्त्याची कड सोडून खडीवर उतरले. गाडी किंचित डचमळली आणि पुन्हा डांबरावर आली. घडले ते एवढेच. पायथ्याशी गाडीने ताबा परत घेतल्यावर मात्र केतकीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आबा, मघाशी चाक उतरलं ना?"

"उतरलं. आन चढलं बी."

"दरीकडे वीतभरच जागा होती."

"वीतभर हुती न्हवं? मग झालं तर. ती वीत त्याच्यासाठीच ठेवल्याली असती."

पण ती वीत केतकीला सोडीना. गाडीत त्या-त्या दिवसाचे चित्रण साठत असे आणि दुसऱ्या दिवशी आपोआप पुसले जाई. घरी आल्यावर केतकी ते लावून बसे. चाक उतरले तो क्षण ती थांबवी, मोठा करी, मागे नेई आणि पुन्हा पाही. प्रयोगशाळेत चुकीला जागा असे. नमुना बिघडला तर दुसरा घेता येई. इथे दुसरा नमुना नव्हता, एकच वडील होते. जेवताना ती मध्येच विचारी, "आबा, त्या ट्रकला मी वाट द्यायला उशीर केला का?" दिनकरराव "न्हाई" म्हणत. थोड्या वेळाने ती पुन्हा विचारी, आणि ते पुन्हा "न्हाई" म्हणत. या उत्तराचा उपयोग दर वेळी थोडा कमी होत होता.

महिनाभरात एक सकाळ अशी आली की ती घाटमाथ्यापर्यंत गेली आणि गाडीने ताबा देऊ केला तेव्हा तो घेऊच शकली नाही. बोटे स्टिअरिंगवर होती, पण ती वळत नव्हती. शेवटी दिनकरराव म्हणाले, "चल घरी." त्या दिवशीचे डायलिसिस चुकले. दोन दिवसांनी त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले आणि रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. अतिदक्षता कक्षाबाहेर एका तरुण डॉक्टरने केतकीला सांगितले, "एक फेरी चुकली की हे असं होतं. आणखी एक चुकली, तर मी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलत असेन."

त्यानेच तिला मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर मेघश्याम आगटे यांच्याकडे पाठवले.

आगटे गोलसर, उत्साही गृहस्थ होते. आपल्याकडे उपाय आहे याचा आनंद त्यांना लपवता येत नसे. त्यांनी टेबलावर करड्या रंगाची एक लवचीक पट्टी ठेवली. तिचे नाव 'अविचल' होते.

"चूक आपल्याला कळते असं आपण म्हणतो," ते म्हणाले. "प्रत्यक्षात ती मेंदूला आधी कळते. आपल्याला तो नंतर कळवतो."

यात अतिशयोक्ती नव्हती. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या भिंतीत एक भाग असतो. हाताने चूक केली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तिथला विद्युत्‌दाब एकदम खाली जातो आणि आलेखावर एक खळगा उमटतो. माणूस अजून "अरेरे" म्हणालेला नसतो. चूक झाली हे त्याला ठाऊकही नसते. हा खळगा पुढे दोन कामे करतो. तो हाताला तिथल्या तिथे सावरायला लावतो, आणि त्या प्रसंगावर खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी सावधपणा यावा. चिंताग्रस्त माणसांत हा खळगा इतरांपेक्षा खोल असतो आणि तो लवकर भरून येत नाही. त्यांची खूण खूण न राहता जखम होते. 'अविचल' कपाळावरून हा खळगा ओळखी आणि लगोलग त्याच भागावर ध्वनिलहरींचा एक अतिसूक्ष्म झोत सोडून तो भाग शांत करी. खळग्याचे पहिले, हात सावरण्याचे काम तसेच राहते, फक्त मागे रेंगाळणारे शेपूट कापले जाते, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. चाचण्यांत पट्टी लावणाऱ्या नवख्या चालकांचे अपघात घटले होते, हे खरे होते. त्या चाचण्या एका ऋतूपुरत्या होत्या, हेही खरे होते. मेंदूने आपल्या कामांच्या मध्ये अशी रेघ कुठे आखली आहे, हे मात्र कोणीच दाखवलेले नव्हते.

"म्हणजे चूक मला कळेल ना?" केतकीने विचारले.

"कळेल की. सलणार नाही, इतकंच."

"आणि न सलता लक्षात राहील?"

आगट्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. "तुम्ही प्रयोगशाळेत होतात, नाही का? हा प्रश्न रुग्ण विचारत नाहीत. गाडी चालवताना लावा, उतरलात की काढा. तुम्हाला फरक दिसेल."

फरक खरोखरच दिसला. पहिल्याच फेरीत केतकी घाट उतरली आणि खाली पोचल्यावर तिच्या ध्यानात आले की तिचे तळवे कोरडे आहेत. कोरीच्या वळणावर तिने हॉर्न दिला, काच खाली केली, एकदाच थांबली आणि निघाली. एका टेम्पोला वाट देताना ती चुकीच्या बाजूला सरली. टेम्पोवाला काहीतरी बोलला. ती सावरून पुढे गेली, आणि तो प्रसंग मागच्या वळणावरच राहिला. चित्रण पाहण्याची तिला आठवणही झाली नाही. दिनकरराव एकाही डायलिसिसला चुकले नाहीत. त्यांच्या पायांची सूज उतरली. तिने घरात गुणगुणलेले त्यांनी किती तरी दिवसांनी ऐकले.

पट्टी गाडीतून उतरल्यावर काढायची होती. पण चुका फक्त घाटात होत नाहीत. दूध उतू जाते, फोनवर नको ते बोलले जाते, औषधाची वेळ टळते. पट्टी काढली की अशा गोष्टी तिला पूर्वीपेक्षाही जास्त टोचत, आणि पट्टी तर हाताशीच असे. आधी ती संध्याकाळपर्यंत राहिली, मग फक्त झोपताना निघू लागली.

एके दुपारी जेवताना दिनकररावांनी घास तोंडातच धरला.

"केतके, मीठ."

"कमी झालं?"

"मला मीठच बंद हाय न्हवं?"

"हो की. विसरले," ती म्हणाली आणि त्यांची वाटी बदलली. तिच्या आवाजात काही हलले नाही. दुसऱ्या दिवशी आमटीत पुन्हा मीठ होते. या वेळी त्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सारली आणि ताकाशी भात खाल्ला.

घाटातही त्यांना फरक जाणवू लागला होता. केतकी आता वळणात शिरल्यावर ब्रेक लावत असे, शिरण्याआधी नाही. ते एकदा म्हणाले, "ब्रेक अलीकडं लाव. गाडी बाहेर फेकती." तिने "बरं" म्हटले, आणि पुढच्या वळणावर तसेच केले.

"आगं, आत्ता सांगितलं ना?"

"आबा, गाडी व्यवस्थित चाललीय. तुम्हाला दिसतं का रस्त्यावर काय आहे ते?"

ती हे चिडून बोलली नव्हती. एखादी नोंद वाचून दाखवावी तसे बोलली होती. दिनकररावांनी तोंड खिडकीकडे वळवले. पूर्वीची केतकी असे बोलून गेली असती तर पायथ्यापर्यंत तिने चारदा माफी मागितली असती आणि त्यांनी वैतागून तिला गप्प केले असते. ते त्या वैतागाची वाट पाहत बसले.

कोरीच्या वळणावर ती आता हॉर्न देई आणि न थांबता वळे. प्रथम ती थांबली नाही तेव्हा पलीकडे कोणी नव्हते, दुसऱ्यांदाही नव्हते. थोडक्यात निभावलेली चूकही मेंदूला एरवी चटका देते. तो चटका बसला नाही, तर त्याच्या हिशेबी ती चूक राहत नाही. ती यशस्वी पद्धत होते. केतकी बेफिकीर झाली नव्हती. ती अतिशय मन लावून शिकत होती, फक्त उलट्या दिशेने.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी, ऊन नुकतेच घाटात उतरले असताना, तिने कोरीच्या वळणावर हॉर्न दिला आणि गाडी वळवली. वळणात ब्रेक लागला आणि गाडी डावीकडे, दरीच्या अंगाला ओढली गेली. आरशापाशी काहीतरी घासल्यासारखे झाले. मग रिकाम्या पत्र्याचा आवाज आला. तोच आवाज पुन्हा थोडा खालून आला, मग आणखी खालून.

"थांबव," दिनकरराव म्हणाले.

"का?"

"कॅन गेला खाली."

"पडला असेल कुणाचा तरी."

"कॅन एकटा चालत न्हाई, केतके."

तिने आरशात पाहिले. मागे वळण होते आणि मोकळा रस्ता होता. "आबा, मागे कुणी नाही. काही झालेलं नाही."

तिच्या आवाजात शंकेचा कणही नव्हता, आणि दिनकररावांना त्यानेच फसवले. जी मुलगी वीतभर जागेत दरी पाहत असे, तीच काही झाले नाही म्हणत होती. मग झाले नसणारच. शिवाय साताऱ्याला डायलिसिसची खाट ठरलेल्या वेळीच मिळायची होती. ते क्षणभर तसेच कान देऊन बसले. मग त्यांनी चाचपडून बटण शोधले आणि आपल्या बाजूची काच वर केली.

पुढच्या फेरीला डायलिसिसची सुई लावताना सिस्टर गप्पा मारत होत्या.

"काका, तुमच्याच घाटातला एक जण वरच्या मजल्यावर आहे. आखाडे म्हणून, गवळी आहे. दूध घालून वर परत जात होता. हॉर्न ऐकून कडेला सरला आणि खाली गेला, म्हणतो. दुपारपर्यंत तिथेच पडून होता. गुरं राखणाऱ्याला दिसला."

"कसा हाय?"

"जीव वाचला. पाय नाही वाचला. रक्तवाहिनी दबलेली होती. दोन तास आधी आला असता तर पाय राहिला असता, असं मोठे सर म्हणत होते."

यंत्र त्यांचे रक्त काढत आणि धुऊन परत देत राहिले. परतीच्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी गाडी ताबा देऊ लागली, तेव्हा दिनकररावांनी केतकीचे मनगट धरले आणि सगळे सांगितले.

केतकी खाली उतरली. डाव्या आरशाच्या कडेवर एक ओरखडा होता आणि त्यात पांढरट धातूचा अंश लागलेला होता. तिने तो बोटाने तपासला. सगळे जुळत होते: वेळ, जागा, आवाज, ओरखडा. त्या दिवसाचे चित्रण केव्हाच पुसले गेले होते. ते पाहावे असे तिला वाटलेच नव्हते. तिने कपाळावरची पट्टी काढली आणि उभी राहिली. आता काहीतरी येईल, अशी ती वाट पाहत होती. वाहनांची ये-जा चालू होती. काही आले नाही.

त्यानंतर तिने पट्टी लावली नाही. आठवड्याभरात भीती परतली, पूर्वीपेक्षा थोडी जास्तच. तळवे ओले झाले, कोरीच्या वळणावर ती पुन्हा तीन-तीनदा हॉर्न देऊ लागली, आमटी वाढण्याआधी चाखून पाहू लागली. फक्त त्या सकाळच्या जागी काही नव्हते. ती सकाळ तिला धडा पाठ असल्यासारखी सांगता येत होती. तिने आगट्यांना फोन केला.

"त्या क्षणी जे उमटलंच नाही, ते आता कुठून आणणार?" ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज उत्साही नव्हता. "घटना माहिती म्हणून तुमच्याकडे राहील. अनुभव म्हणून नाही."

"म्हणजे मला त्याचं कधीच वाईट वाटणार नाही?"

"कदाचित. पट्टी दिवसभर लावायची नव्हती हो, बाई." मग ते पुढे म्हणाले, "खरं सांगू? यासाठी बहुतेक लोक माझे आभार मानतात."

त्या संध्याकाळी दिनकरराव ओट्यावर बसले होते. केतकी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मी चौकीवर जाऊन सांगणार आहे, आबा. त्याआधी आखाड्यांना."

दिनकररावांनी हाताने ओट्याची कड चाचपली. "त्यानं गाडी बघितल्याली न्हाई. पाय घसरला म्हनतो. कुनी विचारायला येनार न्हाई तुला."

"माहीत आहे."

"परवाना जाईल."

"जाईल."

"मंग मी खाली. त्या खोलीत."

"हो, आबा."

"तू ऱ्हाशील का तिथं?"

"राहीन."

"तुला झोप लागती. मला लागत न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "ज्याला लागत न्हाई तो गप बसायला तयार हाय. तुला काय वाटतच न्हाई, तर तू कशापायी सांगतीस?"

केतकीने विचार करून उत्तर दिले. "जिला वाटलं असतं तिनं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला विचारायला नको. ती मीच होते."

आत पंखा फिरत होता. दिनकररावांनी काठी शोधली आणि उठायला लागले. मग पुन्हा बसले.

"मला बी घेऊन चल तिकडं. काच मी वर केली हुती."

आखाड्यांची वस्ती पठाराच्या टोकाला होती. रस्ता कच्चा होता आणि केतकीने तो संपूर्ण स्वतः चालवला. कोंडिबा आखाडे ओसरीत खाटेवर बसलेला होता. मांडीपाशी धोतर दुमडून खोचलेले होते. त्याची बायको ठकूबाई म्हशीखालून उठून आली आणि हात पुसत उभी राहिली. केतकीने काहीही न गाळता सांगितले. सांगणे अगदी थोड्या वेळात संपले.

"आवाज आल्ता का तुमाला?" कोंडिबाने विचारले.

"आला होता."

"मग थांबला का न्हाई?"

"चूक झाली असं वाटलं नाही."

"आन आता?"

"आता माहीत आहे."

"म्हाईत हाय म्हंजी?" ठकूबाई मध्येच म्हणाली. "वाटतं का काय तुमाला?"

हा प्रश्न येणार हे केतकीला ठाऊक होते. त्याचे सोपे उत्तरही तिला ठाऊक होते. "नाही," ती म्हणाली, आणि पट्टीबद्दल तिने चार वाक्यांत सांगितले.

कोंडिबाने ते शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजी दुखायचं तेवडं माज्या वाट्याला आलं," तो म्हणाला, "आन तुमच्या वाट्याचं कुनाकडंच गेलं न्हाई."

"माझ्याकडं आलंय, पाव्हणं," ओसरीच्या पायरीपाशी काठी टेकून उभे असलेले दिनकरराव म्हणाले. "मी ऐकलं हुतं."

"तुमाला दिसत न्हाई, आबा," कोंडिबा त्यांच्या काठीकडे बघत म्हणाला.

"ऐकू येतं की."

एक म्हैस दाव्याला हिसडा देत होती. शेवटी कोंडिबा म्हणाला, "जावा. काय सांगायचं ते चौकीवर सांगा. मला इचारलं तर मी वाढवून सांगनार न्हाई, आन कमी बी करनार न्हाई." ठकूबाई परत म्हशीकडे गेली. चहाचे कोणी विचारले नाही.

अंगणात गाडी वळवायला जागा कमी होती. केतकी ती मागे घेऊ लागली. मागच्या चाकाखाली काहीतरी चेपले आणि तडकल्याचा आवाज झाला. ती खाली उतरली. अंगणात पालथी घातलेली निळी प्लास्टिकची बादली होती. तिच्या मधोमध चीर गेली होती.

केतकीच्या कपाळामागे काहीतरी एकदम खोल गेले. आरशात बघायला हवे होते. उतरून बघायला हवे होते. या लोकांची वस्तू, या अंगणात, आज. ती गाडीत येऊन बसली, डोके स्टिअरिंगला टेकवले आणि तिला हुंदका आवरेना. एका बादलीसाठी तिचे सगळे शरीर जळत होते. ते जळणे तसेच आणखी पुढे, कोरीच्या वळणापर्यंत पोचावे म्हणून तिने डोळे मिटून प्रयत्न केला. ते बादलीपाशीच थांबले.

खिडकीशी सावली आली. ठकूबाई उभी होती. तिने आधी बादलीकडे पाहिले, मग केतकीकडे, आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

"लई रडू नगासा," ती म्हणाली. "आतून आलं न्हवं शेवटी? माणसाला येतंच." मग तिने आत वळून हाक दिली, "आवं, रडत्यात त्या बाई." आत कोंडिबाने काहीतरी म्हटले, ते ऐकू आले नाही, पण त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

केतकीने तोंड उघडले. खरे काय ते एका वाक्यात सांगता आले असते. तिने ठकूबाईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले.

वस्ती मागे पडल्यावर दिनकररावांनी विचारले, "कशासाठी रडलीस?"

"बादलीसाठी."

कच्चा रस्ता संपून डांबर लागले.

"तिला सांगितलं न्हाईस."

"नाही."

"आन ते?" त्यांनी हात तिच्या कपाळापर्यंत नेला आणि चाचपत टेकवला. "ते न सांगितल्यालं सलतंय?"

"हो," केतकी म्हणाली.

दिनकररावांनी हात काढून घेतला. चौकी घाटाच्या पायथ्याला होती. कोरीच्या वळणावर केतकीने हॉर्न दिला, आणि दोघांनीही आपापल्या काचा खाली केल्या.